घरी चालणारा रोबो स्पर्धेत का थांबतो?

ठाणे-नवी मुंबईच्या बातम्यांत हल्ली एक मथळा वरचेवर दिसतो. अमुक शाळेच्या संघाची रोबोटिक्सच्या राष्ट्रीय फेरीसाठी निवड. खाली फोटो: एकसारखे टी-शर्ट घातलेली आठ-दहा मुलं, मध्ये टेबलावर चाकं आणि वायरींचा एक सांगाडा, बाजूला मुख्याध्यापिका. बातमीत मुलांची नावं असतात, मार्गदर्शकांचं असतं, शुभेच्छा देणाऱ्या पाहुण्यांचंही असतं. त्या सांगाड्याने नेमकं काय केलं म्हणून निवड झाली, एवढंच नसतं.

मी इंजिनिअर आहे. नोकरी ऐरोलीत, घर ठाण्यात, आणि शनिवार-रविवार एका शाळेच्या संघाला मदत करतो. त्यामुळे सोसायटीच्या मीटिंगपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुणी ना कुणी विचारतंच, "ते रोबो एकमेकांशी मारामारी करतात का हो?" नाही करत. "मग जिंकतं कोण?" हा प्रश्न खरा महत्त्वाचा, आणि त्याचं उत्तर दोन वाक्यांत देऊन समाधान होत नाही.

तरी आधी थोडक्यात सांगतो. सगळ्यात करामती रोबो जिंकला, असं फार कमी वेळा होतं. परक्या मैदानावर, परक्या संघाच्या जोडीने, ठरलेलं काम दर खेपेला तसंच करणारा रोबो पुढे जातो. हे लक्षात आलं की खर्च, अभ्यास, प्रमाणपत्र याबद्दल पालकांना पडणारे प्रश्नही वेगळे दिसू लागतात.

## अडीच मिनिटांचा सामना

शाळकरी मुलांसाठी अशा स्पर्धा बऱ्याच आहेत. समजावण्यासाठी मी एकच धरून चालतो: फर्स्ट टेक चॅलेंज, म्हणजे एफटीसी. सातवी ते बारावीच्या मुलांची ही स्पर्धा 'फर्स्ट' नावाची अमेरिकन संस्था घेते. डीन केमन या संशोधकाने १९८९ मध्ये ही संस्था काढली. दोन चाकांवर उभं राहून चालवायची सेगवे गाडी त्यांचीच. संस्थेची पहिली स्पर्धा १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या जिममध्ये झाली. संघ होते २८.

एफटीसीचं मैदान १२ फूट बाय १२ फूट. खाली फोमच्या लाद्या, चारी बाजूंनी साधारण फूटभर उंचीची भिंत. सुरुवातीला प्रत्येक रोबो १८ इंच लांब, १८ इंच रुंद, १८ इंच उंच खोक्यात बसला पाहिजे. तपासनीस खरोखरच तसं खोकं घेऊन बसलेले असतात, आणि एखादी वायर बाहेर डोकावली तरी मुलांना परत पाठवतात. मैदानात एका वेळी चार रोबो उतरतात, दोन लाल बाजूचे आणि दोन निळ्या बाजूचे. एका बाजूच्या दोन संघांच्या या जोडीला अलायन्स म्हणतात. सामन्याचे गुण अलायन्सच्या खात्यात जातात.

खेळ दर वर्षी बदलतो. सप्टेंबरमध्ये नवा खेळ जाहीर होतो आणि तिथून सीझन सुरू. २०२३-२४ मध्ये षटकोनी प्लास्टिकच्या चकत्या तिरक्या फळ्यावर रचायच्या होत्या आणि शेवटी रोबोने कागदी विमान सोडायचं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी तुकडे उंच टोपल्यांत टाकायचे, दांड्यांवर अडकवायचे, आणि शेवटच्या सेकंदांत रोबोने स्वतः दांडीला लटकायचं. २०२५-२६ ला जांभळे आणि हिरवे चेंडू उडवून गोलमध्ये टाकायचे. त्यामुळे गेल्या वर्षीचा जिंकलेला रोबो यंदा तसाच उतरवता येत नाही. चाकांचा पाया ठेवता येतो, वरचं सगळं नव्याने उभं करावं लागतं.

सामना अडीच मिनिटांचा. त्यातली पहिली ३० सेकंदं ऑटोनॉमस, म्हणजे रोबोने आधी लिहून ठेवलेल्या प्रोग्रॅमवर आपलं आपण चालायचं. मुलांचे हात रिमोटपासून दूर. उरलेली दोन मिनिटं मुलं व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरने रोबो चालवतात. बहुतेक संघांत ड्रायव्हर दोन असतात, एकाकडे चाकं आणि दुसऱ्याकडे रोबोचा हात.

बाकीच्या स्पर्धांचा साचा थोड्याफार फरकाने असाच आहे. व्हेक्स नावाच्या स्पर्धेत मैदान तेवढंच, सामना दोन मिनिटांचा, त्यात पहिली १५ सेकंदं ऑटोनॉमस. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड २००४ मध्ये सिंगापूरला सुरू झालं आणि २०१६ ला त्याची जागतिक फेरी दिल्लीत झाली होती. त्याच्या रोबोमिशन गटात रिमोट नाहीच, दोन मिनिटं रोबोने एकट्याने काम करायचं. शिवाय स्पर्धेच्या दिवशी सकाळी आयोजक एक अनपेक्षित नियम जाहीर करतात, तो तिथल्या तिथे प्रोग्रॅममध्ये बसवावा लागतो. लहान मुलांची फर्स्ट लेगो लीगही रिमोटविना. 'हा तर रिमोटच्या गाडीचा खेळ' असं कुणी म्हटलं, तर त्यांना एफटीसीची पहिली ३० सेकंदं बघायला सांगावं.

## डोळे मिटून चालणं

रात्री वीज गेली की आपण अंधारातच पलंगावरून उठून स्वयंपाकघरापर्यंत जातो. कसे जातो? पावलं अंगवळणी पडलेली असतात. चार पावलं सरळ, दाराशी उजवीकडे, मग भिंतीला हात लावून तीन पावलं. एखाद्याने खुर्ची सरकवून ठेवली असेल तर नडगी फुटते. आणि पलंगावरून उठतानाच तोंड जरा वाकडं असेल, तर दार सापडत नाही, भिंत लागते.

ऑटोनॉमसमधला रोबो अगदी असाच चालतो. चाकाच्या मोटरमध्ये एन्कोडर नावाचा छोटा भाग असतो, तो चाक किती फिरलं ते मोजतो. हे झालं पावलं मोजणं. चाकाचा परीघ ठाऊक असला की फेऱ्यांवरून अंतर काढता येतं, शाळेतलं साधं गणित. पण फोमवर चाक घसरलं तर फेऱ्या होतात आणि रोबो मात्र तिथेच असतो. म्हणून पावलांवर भागत नाही, भिंतीला हात लावावा लागतो. त्यासाठी सेन्सर: कुणी अंतर मोजतो, कुणी रंग ओळखतो, कुणी रोबो किती अंशांत वळला ते सांगतो. मैदानात ठरावीक जागी काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची चित्रं लावलेली असतात, दिसायला क्यूआर कोडसारखी. त्यांना एप्रिलटॅग म्हणतात. कॅमेऱ्याला ते दिसलं की आपण कुठे आहोत आणि कुठे तोंड करून आहोत, हे रोबोला कळतं. अंधारात क्षणभर टॉर्च लावून घेतल्यासारखं.

सुरुवातीचं वाकडं तोंडही खरंच घडतं. रोबो मैदानात ठेवताना दोन अंशांनी तिरका ठेवला, तर आठ फूट चालल्यावर तो जवळजवळ साडेतीन इंच बाजूला गेलेला असतो. ही त्रिकोणमिती मुलं दहावीच्या पुस्तकात शिकतात. पण चेंडू गोलच्या कडेला आपटून परत आला की ती त्यांना कायमची कळते. आता आमची मुलं रोबो नुसता ठेवत नाहीत. त्याची मागची बाजू भिंतीला टेकवतात आणि लादीच्या सांध्यावर चाक जुळवतात.

## बॅटरी, हवा आणि बंद गाडी

शाळेच्या हॉलमध्ये रोबो सलग पाच वेळा बरोबर चालतो. मुलं टाळ्या वाजवतात, व्हिडिओ काढतात. स्पर्धेला गेल्यावर तोच रोबो पहिल्याच सामन्यात अर्ध्यात थांबतो. या विषयात नवशिक्या पालकांना सगळ्यात जास्त बुचकळ्यात टाकणारी गोष्ट हीच, आणि मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं तेही यावरच.

एका संध्याकाळचं सांगतो. प्रोग्रॅमिंग करणारी आमची नववीतली मुलगी लादीवर उकिडवी बसून मेजरिंग टेप लावत होती. रोबो दुपारी जिथे थांबत होता त्याच्या चार इंच अलीकडे थांबायला लागला होता. प्रोग्रॅमला कुणी हात लावलेला नव्हता. ती चिडून म्हणाली, "सर, मी काहीच बदललं नाहीये!" मी तिला बॅटरीला मीटर लावायला सांगितलं. १२ व्होल्टची म्हणून विकली जाणारी ही बॅटरी पूर्ण चार्ज झाली की १३ व्होल्टच्या पुढे असते, दोन-तीन तास वापरली की उतरते. व्होल्टेज कमी झालं की मोटरचा वेग कमी. तिचा प्रोग्रॅम सांगत होता, 'दीड सेकंद पुढे जा'. वेग घटला की दीड सेकंदात अंतरही कमीच कापलं जाणार. तिने मीटरकडे बघितलं, मग लॅपटॉप ओढला आणि 'दीड सेकंद' खोडून 'चाकाच्या इतक्या फेऱ्या' लिहिलं. नंतर त्यावर आणखी एक पायरी चढवली: उरलेलं अंतर जसं कमी होईल तसा वेग कमी करायचा, म्हणजे रोबो ठरलेल्या रेषेवर हळूच येऊन थांबतो. कारखान्यांतली यंत्रं, लिफ्ट, ड्रोन याच तत्त्वावर चालतात. ते तिला कुणी फळ्यावर शिकवलं नव्हतं. चार इंचांच्या चुकीने शिकवलं.

दुसरा शत्रू म्हणजे हवा. रोबोची चाकं फोमवर घासली की त्याच्या अंगावर स्थितिक वीज साठते. कोरड्या हवेत लोकरीचा स्वेटर काढताना चटचटते तीच. दमट हवेत ती आपोआप ओसरते. आपल्याकडे खाडीकाठच्या हवेत महिनोन्महिने सराव करा, हा प्रश्न डोकंसुद्धा वर काढत नाही. कोरड्या गावात किंवा एसीच्या हॉलमध्ये गेलं की रोबो मैदानातल्या धातूच्या भागाला टेकतो, साठलेली वीज एकदम उतरते आणि त्याचा मेंदू असलेला कंट्रोल हब बंद पडून पुन्हा चालू होतो. त्या सामन्यापुरता रोबो मेला. याचा उपाय घरीच करून जावा लागतो: हब धातूच्या सांगाड्यापासून वेगळा बसवणं, वायरी उघड्या न ठेवणं, बाहेर येणाऱ्या धातूच्या टोकांवर प्लास्टिक चढवणं.

तिसरी गोष्ट खास आपल्या उन्हाची. थ्रीडी प्रिंटरवर मुलं जे भाग छापतात ते बहुतेक वेळा पीएलए नावाच्या प्लास्टिकचे असतात. ते साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं. रोबो डिकीत ठेवून गाडी घोडबंदर रोडला उन्हात उभी केली, तर आतलं तापमान तिथवर जायला वेळ लागत नाही. सरळ छापलेला पंजा वाकडा होऊन बाहेर येतो.

या सगळ्यात बुद्धिमत्ता कमी पडली असं कुठेच झालेलं नाही. सरावाच्या वेळी जे बदललं नाही ते स्पर्धेच्या दिवशी बदललं, इतकंच. म्हणून चांगले संघ सरावातच मुद्दाम गोष्टी बिघडवतात. उतरलेली बॅटरी लावतात, हॉलचे दिवे अर्धे बंद करतात, रोबो वाकडा ठेवून बघतात, कनेक्टर ओढून बघतात.

## दहापैकी किती वेळा?

समजा ऑटोनॉमसमध्ये रोबोला चार कामं ओळीने करायची आहेत: पुढे जाणं, वस्तू पकडणं, वळणं, वस्तू टाकणं. प्रत्येक काम दहापैकी नऊ वेळा बरोबर होतं. कुणीही म्हणेल, उत्तम रोबो. पण चारही कामं एकाच खेपेत बरोबर होण्याची शक्यता म्हणजे ०.९ चा चार वेळा गुणाकार, उत्तर साधारण ०.६६. म्हणजे तीनपैकी एका सामन्यात गडबड होणार.

आता दुसरा संघ घ्या. त्यांच्या रोबोला दोनच कामं येतात, पण प्रत्येक काम शंभरपैकी ९५ वेळा बरोबर होतं. दोन्ही मिळून यश ९० टक्के. पहिल्या संघाला पूर्ण यशाचे २६ गुण आणि दुसऱ्याला २० गुण मिळत असतील, तर सरासरीत पहिला संघ १७ च्या आसपास राहतो आणि दुसरा १८ वर. (अर्धवट कामाचे गुण इथे सोडून दिले आहेत, हिशेब सोपा राहावा म्हणून.) साधा रोबो पुढे.

हा हिशेब मुलांच्या गळी उतरवणं मला सगळ्यात अवघड जातं. डिसेंबरमध्ये, स्पर्धा तोंडावर आलेली असताना, कुणीतरी यूट्यूबवर परदेशी संघाचा भन्नाट हात बघून येतो आणि आपणही तसाच लावू म्हणतो. अशा वेळी आम्ही वाद घालत नाही. कागदावर दहा चौकटी काढतो. नवीन हात दहा वेळा चालवायचा, बरोबर झालं तर बरोबरची खूण, नाही तर फुली. आठ खुणा आल्या तर चर्चा. चार आल्या तर तो हात पुढच्या वर्षीसाठी ठेवून द्यायचा. मुलं हा निर्णय मुकाट्याने मानतात, कारण खुणा त्यांनीच केलेल्या असतात.

## जोडीदार निवडता येत नाही

प्राथमिक सामन्यांत तुमचा जोडीदार कोण आणि समोर कोण, हे आयोजकांचं वेळापत्रक ठरवतं. दर सामन्याला जोडीदार नवा. सकाळी ज्यांच्याविरुद्ध खेळलात ते दुपारी तुमच्याच बाजूला असू शकतात.

त्यामुळे रांगेत उभं असताना सामन्याआधीची पाच-दहा मिनिटं फार मोलाची ठरतात. एका स्पर्धेत आमच्या मुलांचं दुसऱ्या गावच्या संघाशी झालेलं बोलणं असं:

"तुम्ही ऑटोनॉमसला कुठून जाता?"

"डावीकडून."

"अरे, आम्हीपण डावीकडूनच जातो. आपटतील दोघं."

"तुमच्याकडे उजवीचा प्रोग्रॅम नाही?"

"आहे, पण तो दहात सहा वेळाच चालतो."

"मग तुम्ही डावीकडूनच जा. आम्ही पाच सेकंद थांबून निघतो, आमचं सगळं २० सेकंदांत होतं."

चौदा-पंधरा वर्षांची मुलं, घटकेपूर्वीची ओळखही नाही. आपला कमकुवतपणा आकड्यात सांगायचा, समोरच्याचा ऐकायचा, कुणी मागे थांबायचं ते ठरवायचं. ऑफिसात मोठ्या माणसांना हे जमत नसल्याचं मी रोज बघतो.

संघ दिवसभर इतरांचे सामने बघून नोंदीही ठेवतात. याला स्काउटिंग म्हणतात: कोणता रोबो किती गुण करतो, किती वेळा बंद पडतो. प्राथमिक फेऱ्या संपल्या की वरच्या क्रमांकाच्या संघांना बाद फेरीसाठी आपला जोडीदार निवडता येतो, आणि तिथे या वह्या बाहेर निघतात. क्रमवारीत बराच खाली असलेला पण एकदाही न अडकलेला संघ अशा वेळी उचलला जातो.

या स्पर्धांत प्रतिस्पर्ध्याला स्क्रू ड्रायव्हर, चार्जर, कधी अख्खी मोटर उसनी देण्याची रीत आहे. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी 'फर्स्ट'च्या सुरुवातीच्या काळात हा विचार रुजवला: जिंकण्यासाठी जीव तोडून खेळा, पण समोरच्याला माणूस म्हणून वागवा. बाहेरून बघणाऱ्याला ते शोभेचं वाक्य वाटतं. मला वाटतं ते टिकलं, कारण खेळाची रचनाच तशी आहे. दुपारी जो तुमचा जोडीदार होणार आहे त्याचा रोबो सकाळी बंद पडून तुम्हाला काहीच फायदा नाही.

## मुलं करतात की सर करतात?

शंका रास्त आहे. काही ठिकाणी रोबो मोठी माणसंच बनवतात आणि मुलं फोटोपुरती असतात, हे मी नाकारणार नाही. पण स्पर्धेत हे फार काळ लपत नाही. एफटीसीमध्ये परीक्षक संघाची मुलाखत घेतात आणि तिथे मार्गदर्शकाला तोंड उघडता येत नाही. इथे साखळीऐवजी पट्टा का लावला? हा गिअर आधी कोणता होता, का बदलला? ज्याने रात्री जागून तो बदलला आहे तो मुलगा अडखळत का होईना, उत्तर देतो. पाठ केलेला मुलगा दुसऱ्या उपप्रश्नाला थांबतो. सोबत संघाला आपल्या कामाची छोटी वही देता येते, त्यात फसलेले प्रयोगही लिहिता येतात. एफटीसीतला सर्वांत मानाचा इन्स्पायर पुरस्कार नुसत्या मैदानातल्या गुणांवर मिळत नाही.

एक गोष्ट मला खटकते, ती इथेच सांगतो. कितीतरी संघांत वही लिहिणं, पोस्टर रंगवणं, परीक्षकांशी बोलणं मुलींकडे जातं आणि कंट्रोलर व पाना मुलांकडे. कुणी मुद्दाम करतं असं नाही, पहिल्याच दिवशी तसं घडतं आणि मग तसंच राहतं. उपाय सोपा आहे: पहिले दोन महिने कामं फिरती ठेवायची, प्रत्येकाच्या हातात सोल्डरिंग गन आलीच पाहिजे, प्रत्येकाने एकदा तरी रोबो चालवला पाहिजे. मग ज्याला जे जमतं ते त्याने धरावं.

## खर्चाचं काय?

खर्च खरंच आहे आणि तो थोडाथोडका नाही. दर सीझनची नोंदणी फी, आयात केलेला हब आणि मोटरी, बॅटऱ्या, मैदानाच्या लाद्या, बाहेरगावी जाण्या-राहण्याचा खर्च. हब आणि मोटरी तीन-चार वर्षं चालतात. फी आणि प्रवास दर वर्षी. परदेशी फेरी गाठली तर सगळ्यात मोठा आकडा विमानाच्या तिकिटांचा असतो.

आपल्या भागाला एक सोय मात्र हाताशी आहे. अ‍ॅल्युमिनिअमच्या पट्ट्या कापून, वाकवून, भोकं पाडून घ्यायला वागळे इस्टेटमधली किंवा रबाळ्याची वर्कशॉप्स आहेत, अ‍ॅक्रिलिकचं लेझर कटिंग जवळपास होतं, आणि सुट्या वायरी, कनेक्टर, स्विच यांसाठी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठायचा. मुलांना एकदा तिथे घेऊन जावंच. काउंटरवरच्या माणसाला आपल्याला काय हवंय ते नीट सांगता येणं हीसुद्धा तयारीच आहे. पैशाहून अवघड प्रश्न जागेचा. ठाण्यात १२ बाय १२ फुटांचं मैदान महिनोन्महिने अंथरून ठेवायला कोण देणार? कित्येक संघ अर्धंच मैदान मांडतात आणि शनिवार संपला की लाद्या काढून भिंतीला लावून ठेवतात.

ज्या शाळेला हे परवडत नाही तिने काय करावं? नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवड झालेल्या शाळेला सहावी ते बारावीच्या मुलांसाठी प्रयोगशाळा उभी करायला आणि चालवायला मिळून २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. २०१६ पासून देशात अशा सुमारे १०,००० लॅब झाल्या, आणि २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी ५०,००० लॅबची घोषणा झाली आहे. तुमच्या मुलाच्या शाळेत ही लॅब असेल तर एकदा जाऊन बघा. कपाटाला कुलूप असेल तर ते उघडायला लावणं ही पालकसभेत मांडण्याजोगी मागणी आहे. शिवाय वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडमध्ये मोठ्या मुलांसाठी फ्युचर इंजिनिअर्स नावाचा गट आहे, त्यात आपोआप चालणारी छोटी गाडी बनवायची असते आणि साहित्य कोणतंही चालतं. बाजारात सहज मिळणाऱ्या आर्डुइनो किंवा रास्पबेरी पाय या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर तिची सुरुवात होते.

एवढं सगळं असूनही ज्यांच्या पालकांच्या खिशात पैसा आहे त्यांच्या शाळा पुढे आहेत. ते बदलायला हवं, आणि ते लेख लिहून बदलणार नाही. शेजारच्या महापालिका शाळेतल्या मुलांना आपल्या हॉलमध्ये सरावाला बोलावणं, जुना हब आणि मोटरी त्यांना देणं, हे मात्र प्रत्येक जुना संघ आजपासून करू शकतो.

## दहावीचं वर्ष, गुण आणि सर्टिफिकेट

इथे स्पष्ट बोललेलं बरं. दहावीला शासकीय चित्रकला परीक्षेचे आणि ठरावीक क्रीडा स्पर्धांचे सवलतीचे गुण मिळतात, रोबोटिक्सचे नाहीत. एमएचटी-सीईटी किंवा जेईईच्या गुणांतही या सर्टिफिकेटने एका गुणाची भर पडत नाही. परदेशातल्या विद्यापीठांच्या अर्जात असं काम विचारात घेतलं जातं, पण तिथेही 'भाग घेतला' यापेक्षा 'मी स्वतः काय केलं' हे सांगता यावं लागतं.

सीझन सप्टेंबरला सुरू होतो आणि आपल्या बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. टक्कर अटळ आहे. माझं मत असं की संघाचा कणा आठवी-नववी आणि अकरावीचा असावा. दहावीच्या मुलांनी दिवाळीनंतर रोजच्या कामातून बाहेर पडावं आणि जाण्याआधी आपलं काम नववीच्या मुलांना लिहून द्यावं: कोणती वायर कुठे जाते, कोणता प्रोग्रॅम कशासाठी. असं हस्तांतर न झालेला संघ दर वर्षी पहिल्या पायरीवरून सुरुवात करतो, आणि सध्या आपल्याकडचे बरेच संघ याच कारणाने दोन वर्षांत बंद पडतात.

## बातमी वाचताना, स्पर्धा निवडताना

'आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड' हे वाचल्यावर विचारावं, कशातून निवड? एफटीसीचा ह्यूस्टनला होणारा जागतिक सोहळा असो की वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडची जागतिक फेरी, जी २०२३ ला पनामात, २०२४ ला तुर्कस्तानात आणि २०२५ ला सिंगापूरला झाली. तिथे जायला आधी देशातल्या फेऱ्या पार कराव्या लागतात. फर्स्ट ग्लोबल या स्पर्धेत तर प्रत्येक देशाचा एकच संघ असतो. २०१७ ला वॉशिंग्टनमध्ये ती पहिल्यांदा झाली तेव्हा भारताच्या संघात मुंबईची मुलं होती. त्याच वर्षी अफगाण मुलींच्या संघाला व्हिसा नाकारल्याने जगभर चर्चा झाली आणि शेवटी त्या पोहोचल्या. याउलट नुसती नोंदणी करून फी भरली की प्रवेश आणि पदक देणारे कार्यक्रमही 'आंतरराष्ट्रीय' नावाने चालतात. तिथे मुलांची सहल होईल, हौस होईल. पण ती निवड नव्हे.

क्लासवाल्याने फॉर्म पुढे केला तर मी पालकांना चार गोष्टी विचारायला सांगतो. नियमपुस्तिका सगळ्यांना मोफत वाचायला मिळते का? रोबोला हात कोण लावतं? मागच्या वर्षीचा संघ यंदाही आहे का, की दर वर्षी नवी मुलं? आणि सरावाच्या नोंदींची वही दाखवाल का? फुल्या भरपूर असलेली वही दाखवली गेली, तर तिथे पोराला घालायला हरकत नाही.

त्याआधी मुलांना घेऊन एखादा सामना बघून या. एफटीसीच्या स्पर्धा सहसा प्रेक्षकांना खुल्या असतात आणि आपल्या भागात त्या हिवाळ्यात होतात. मैदानाशेजारी गर्दी करू नका. थेट पिटमध्ये जा. पिट म्हणजे जिथे प्रत्येक संघाला टेबल दिलेलं असतं आणि दोन सामन्यांच्या मधल्या वेळात दुरुस्ती चालते. कुठल्याही टेबलापाशी उभं राहून मुलांना विचारा, "मागच्या सामन्यात काय बिघडलं होतं?" पाना हातात असलेलं पोर मान वर न करता सांगायला लागेल.